ऑफिसचं आहे, घेतलं तर काय बिघडलं?

मुलीचा शाळेचा प्रकल्प उद्या द्यायचाय, घरच्या प्रिंटरची शाई संपलीय आणि कोपऱ्यावरचं झेरॉक्सचं दुकान बंद. ऑफिसात वीस पानं रंगीत काढली तर चालेल का? कंपनीच्या गाडीतून रविवारी आईला दवाखान्यात नेलं तर? जुना मॉनिटर तसाही भंगारात जाणार होता, तो घरी आणला तर? वाचकांकडून असे प्रश्न सतत येतात आणि त्यांचा सूर बहुतेक सारखाच असतो. गोष्ट एवढीशी, पण मनाला टोचत राहते. विचारायला जावं तर हसं होईल, न विचारावं तर धाकधूक.

ऑफिसात याची दोनच उत्तरं ऐकू येतात. एक, ‘सगळेच करतात, तू काय मोठा हरिश्चंद्र लागून गेलास?’ दुसरं, ‘कंपनीची टाचणीसुद्धा घरी नेऊ नये.’ पहिल्यावर विसंबलेला माणूस एखाद दिवशी गोत्यात येतो. दुसरं कोणालाच पाळता येत नाही, त्यामुळे ते असून नसल्यासारखं. या लेखात मधली वाट दाखवायचा प्रयत्न आहे: कुठे बिनघोर राहायचं, कुठे विचारायचं, कुठे हातच लावायचा नाही, आणि प्रकरण अंगाशी आलंच तर तुमचे हक्क काय.

आधी हे चार प्रश्न

वस्तू कोणतीही असो, हात घालण्यापूर्वी स्वतःला एवढं विचारा.

1. ती वापरून जागेवर राहणार आहे, की संपणार किंवा घरी जाणार आहे? पंचिंग मशीननं स्वतःच्या कागदांना भोकं पाडणं वेगळं आणि पंचिंग मशीन पिशवीत टाकणं वेगळं.
2. परवानगी कोणाची आहे, आणि ती द्यायचा त्याला अधिकार आहे का? शेजारच्या टेबलावरचा सहकारी ‘घे रे’ म्हणाला, याला परवानगी म्हणत नाहीत. वस्तू त्याचीही नाही.
3. यासाठी कुठे खोटं लिहावं किंवा सांगावं लागणार आहे का? बिलावर, लॉगबुकात, हजेरीत, इंडेंटवर, गेटवर.
4. यात दुसऱ्या कोणाचा वेळ, मान किंवा खासगी माहिती खर्च होणार आहे का?

पहिल्या दोन प्रश्नांवरून ‘विचारायचं की नाही’ ते ठरतं. तिसऱ्या किंवा चौथ्याचं उत्तर ‘हो’ आलं, तर किंमत दोन रुपये असली तरी ते करू नका. पुढचा सगळा लेख म्हणजे या एका नियमाचा विस्तार आहे. छोट्या गोष्टीवरून जेव्हा मोठं प्रकरण होतं, तेव्हा मुळाशी बहुतेक वेळा वस्तूची किंमत नसते. खोटी नोंद असते किंवा दुसऱ्याला वेठीला धरलेलं असतं.

तीन याद्या

तुमच्या कंपनीचं लेखी धोरण असेल तर तेच प्रमाण. ते नसेल किंवा गप्प असेल, तर या याद्या धरून चालायला हरकत नाही.

सहसा कोणी हरकत घेत नाही:

- टेबलाशी मोबाइल चार्ज करणं
- जेवणाच्या सुट्टीत वीजबिल भरणं, रेल्वेचं तिकीट काढणं
- आधार कार्डाची किंवा तिकिटाची एखाददुसरी प्रत काढणं
- खिशाला लागलेलं ऑफिसचं पेन चुकून घरी जाणं (सोमवारी ते परत आलं म्हणजे झालं)
- घरून आलेला तातडीचा फोन घेणं

आधी विचारा, मग करा:

- पाच-दहा पानांपेक्षा जास्त छपाई, विशेषतः रंगीत. लग्नपत्रिकेचा मजकूर, सोसायटीच्या सभेची इतिवृत्तं आणि मुलांचे प्रकल्प इथेच येतात.
- इलेक्ट्रिक स्कूटर ऑफिसच्या प्लगवर चार्ज करणं. विजेचा खर्च किरकोळ असतो, पण पार्किंगमधल्या साध्या प्लगवर एवढा भार टाकावा का, हे सुरक्षेचं बघणाऱ्यांनी ठरवायचं असतं.
- घरची पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर मागवणं. एखादं ठीक, पण दिवाळीच्या सेलमध्ये रिसेप्शनवर तुमच्याच खोक्यांचा ढीग लागला तर बोलणी बसणारच.
- कार्यक्रमानंतर उरलेलं जेवण, वापरलेले फ्लेक्स, रिकामे ड्रम, जुनी खुर्ची घरी नेणं
- मीटिंगची खोली संध्याकाळी क्लासला किंवा मंडळाच्या बैठकीला वापरणं
- कंपनीची गाडी सुट्टीच्या दिवशी वापरणं

करू नका:

- घरी साठा होईल अशा बेतानं स्टेशनरी नेणं. जूनमध्ये शाळा उघडताना ऑफिसातली रजिस्टरं आणि पेनं एकाएकी संपतात, हे स्टोअरवाल्याला पुरतं ठाऊक असतं.
- कंपनीच्या फ्युएल कार्डावर स्वतःच्या गाडीत पेट्रोल भरणं, किंवा कंपनीच्या फास्टॅगवर महाबळेश्वरची सहल करणं
- ग्राहकानं न घेतलेले लॉयल्टी पॉइंट स्वतःच्या कार्डावर चढवणं
- स्वतःच्या जोडधंद्यासाठी कंपनीचा माल, ग्राहकांची यादी किंवा लेटरहेड वापरणं
- रुग्णालयातली औषधं, ग्लोव्ह्ज, बँडेज ‘उरली आहेत’ म्हणून नेणं. त्यांचा हिशेब रुग्णाच्या बिलाशी जोडलेला असतो.

लॉयल्टी पॉइंटांचा मुद्दा पुष्कळांना क्षुल्लक वाटतो. ग्राहकाला नको होते, कंपनीनं तर दिलेच असते, मग माझ्या कार्डावर आले तर तोटा कोणाचा? जर्मनीत असंच एक प्रकरण देशभर गाजलं होतं. ३१ वर्षं नोकरी झालेल्या सुपरमार्केटमधल्या एका कॅशियरनं २००८ साली ग्राहकाची हरवलेली, बाटल्यांच्या अनामत रकमेची दोन कुपनं स्वतःच्या खरेदीत वटवली. एकूण १ युरो ३० सेंट. तिला नोकरीवरून काढलं. खालच्या न्यायालयांत ती हरली आणि २०१० च्या जूनमध्ये तिथल्या सर्वोच्च कामगार न्यायालयानं बडतर्फी रद्द केली. एवढ्या वर्षांच्या चोख नोकरीपुढे ही चूक ताकीद देण्यापुरती आहे, असा त्याचा अर्थ. ती जिंकली हे खरं, पण त्यासाठी तिला दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या.

कारखान्याचं गेट

चाकण, अंबड, बुटीबोरी, एमआयडीसी कोणतीही असो, दुसरी पाळी सुटतानाचा हा प्रसंग बहुतेकांनी पाहिलेला असतो. वॉचमन पिशवी उघडायला लावतो. डब्याखाली सुती हातमोज्यांचे दोन नवे जोड आणि साबणाची वडी.

‘हे कुठलं, दादा?’

‘सुपरवायझरसाहेबांनी दिलंय.’

‘गेटपास?’

गेटपास नसतो. सुपरवायझरला फोन लागतो. मागे रांग खोळंबलेली, कंपनीची बस हॉर्न देतेय. फोनवर सुपरवायझर म्हणतो, ‘मी वापरायला दिले होते, घरी न्यायला नाही.’ रजिस्टरमध्ये नाव, टोकन नंबर, वस्तू आणि वेळ चढते. दुसऱ्या दिवशी खुलाशाची नोटीस हातात पडते. हातमोज्यांची किंमत या सगळ्यात कोणी विचारलेली नसते.

त्या कामगाराचं चुकलं कुठे? कदाचित सुपरवायझरनं खरंच ‘घेऊन जा’ म्हटलं असेल आणि आता तो हात झटकत असेल. म्हणून कारखान्यात काम करणाऱ्यांनी एवढं पक्कं लक्षात ठेवावं:

- गेटबाहेर जाणाऱ्या प्रत्येक वस्तूला गेटपास हवा, मग ती फुकट दिलेली का असेना.
- गेटपासवर वस्तू परत आणायची आहे की कायमची दिली आहे, हे लिहून घ्या. ‘परत येणार’ असा शेरा असलेली शिडी महिनाभर घरी राहिली, तर उत्तर तुम्हाला द्यावं लागतं.
- भंगारालाही भाव असतो. लाकडी खोकी, लोखंडाचे तुकडे, प्लास्टिकचे ड्रम यांचा हिशेब होतो आणि ते विकले जातात. हवं असेल तर स्टोअरला अर्ज करा. बऱ्याच ठिकाणी कामगारांना भंगाराच्या दरानं पावती करून देतात.
- साबण, बूट, गणवेश ‘माझ्या वाट्याचे’ असतात तेही कामासाठी. न वापरलेले साठवून बाजारात विकणं अंगाशी येऊ शकतं.
- तुमची झडती सभ्यपणे, सगळ्यांना सारख्याच नियमानं आणि महिलांची झडती महिलेकडूनच व्हायला हवी. तसं होत नसेल तर लेखी तक्रार करा. मात्र गेटवर झटापट करू नका. हातमोज्यांचं प्रकरण तिथे मारामारीचं होतं.

लॅपटॉप आणि माहिती

ऑफिसातल्या लोकांचा बहुतेक घोळ लॅपटॉपवर होतो. कंपनीच्या लॅपटॉपवर सिनेमा पाहणं चूक की बरोबर, यावर तासन्‌तास वाद घालता येईल. तुमच्या कामाचे मुद्दे वेगळे आहेत.

- त्यावर जे आहे ते कंपनीला दिसू शकतं, असं धरूनच चाला. नेटबँकिंगचे पासवर्ड, मुलांचे फोटो, डॉक्टरांचे रिपोर्ट तिथे साठवू नका. नोकरी सुटते त्या दिवशी दुपारी तुमचं लॉगिन बंद झालेलं असू शकतं आणि फोटो आतच राहतात.
- चोरीचं सॉफ्टवेअर टाकू नका. भाच्यानं पेन ड्राइव्हवर दिलेलं ‘फुकट’ फोटो एडिटिंग पुढे परवान्याच्या तपासणीत कंपनीच्या गळ्यात येतं आणि तिथून तुमच्या.
- ऑफिसच्या फाइली स्वतःच्या ई-मेलवर पाठवू नका. घरी बसून काम संपवायचा तुमचा हेतू शुद्ध असेल, तरी राजीनाम्याच्या आगेमागे अशी मेल सापडली की तिचा अर्थ वेगळा लावतात. परवानगीशिवाय संगणकातला डेटा काढून नेणं माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ खालीही येतं. ग्राहकांची यादी एखाद्या एआय चॅटमध्ये चिकटवताना हेच लक्षात असू द्या.
- कुतूहल म्हणून कोणाचीही नोंद उघडू नका. बँकेत मेहुण्याच्या खात्यात किती शिल्लक आहे ते पाहणं, रुग्णालयात शेजारणीचा रिपोर्ट उघडणं, विमा कंपनीत ओळखीच्याची पॉलिसी चाळणं. यात एक पैशाची वस्तू हलत नाही, म्हणून लोकांना ते गैर वाटत नाही. वर दिलेला चौथा प्रश्न नेमका यासाठी आहे. कोणी, कधी, कोणतं खातं उघडलं याची नोंद यंत्रणेत राहते.
- जोडधंदा आणि लेखन. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, मालक कंपनी असते. तुम्ही रात्री लिहिलेलं ॲप किंवा पुस्तक त्यात आपोआप येत नाही, पण ते कंपनीच्या लॅपटॉपवर आणि कामाच्या वेळेत केलेलं निघालं की वादाला तोंड फुटतं. तेवढ्यासाठी स्वतःचं यंत्र वापरा आणि नेमणूकपत्रातली जोडधंद्याची अट वाचून घ्या.

वेळेचंही थोडं. चहाच्या सुट्टीत क्रिकेटचा स्कोअर पाहणारा कोणाचं काही लुटत नाही. पण शेअर बाजार सकाळी ९.१५ ते दुपारी ३.३० चालतो आणि तुमची नोकरीही त्याच वेळात असेल, तर दर पाच मिनिटांनी मोबाइल उघडून सौदे करणं हा दुसरा व्यवसाय झाला.

बिलं आणि हजेरी

झेरॉक्सवर कोणी बोट ठेवत नाही, पण लोक बुडतात ते बिलांत. रिक्षानं गेलात आणि कॅबचे पैसे लावलेत. दोघं एका खोलीत राहिलात आणि दोन खोल्यांची बिलं आणलीत. मित्र लवकर येणार म्हणून त्याच्याकडे आपलं कार्ड पंच करायला दिलंत. ‘कंपनीनं ठरवलेल्या मर्यादेतच तर घेतलं’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही. मर्यादा हा खर्चाचा कमाल आकडा असतो, तो भत्ता नव्हे. ठरावीक दैनिक भत्ता मिळत असेल तर गोष्ट वेगळी. त्यातून वडापाव खाऊन वाचवलेले पैसे तुमचेच.

काही नेहमीच्या अडचणी आणि त्यांचे सरळ मार्ग:

- पावती हरवली: दुसऱ्याची जोडू नका. ‘पावती हरवली, खर्च इतका’ असं लिहून सही करा आणि मंजुरी मागा. नामंजूर झालं तर सोडून द्या.
- कामाच्या दौऱ्याला जोडून सुट्टी: परतीचं तिकीट पुढच्या तारखेचं घेण्याआधी मेलवर कळवा. त्या तारखेचं तिकीट महाग असेल तर फरक तुम्ही भरा.
- दौऱ्यावर पत्नी किंवा पती बरोबर: खोलीचं जादा भाडं आणि जेवण वेगळ्या बिलावर घ्या.
- प्रवासाचे किंवा कार्डाचे पॉइंट: धोरणात काय आहे ते पाहा. काही लिहिलेलं नसेल तर एकदा विचारून घ्या. पॉइंट मिळावेत म्हणून महागडं तिकीट काढणं मात्र उघड गैर आहे.
- पुरवठादाराची दिवाळी: मिठाईचा बॉक्स सगळ्यांत वाटा. तुमच्या नावानं घरी आलेलं चांदीचं नाणं वरिष्ठांना लगेच कळवा. सरकारी नोकरीत भेटवस्तूंबाबत नियमच आहेत, ते आधी पाहा.

शिपाई आणि ड्रायव्हर ही सामग्री नव्हे

‘कंपनीच्या वस्तूंचा खासगी वापर’ म्हटलं की लोक पेनं मोजायला लागतात. सगळ्यात सर्रास गैरवापर माणसांचा होतो आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. शिपाईकाकांना साहेबांच्या घरचा गॅस नंबर लावायला, बाईंच्या मुलाचा डबा शाळेत पोचवायला, विम्याचा हप्ता भरायला पाठवलं जातं. ड्रायव्हर सकाळी मुलांना क्लासला सोडतो, रात्री पाहुण्यांना स्टेशनवरून आणतो आणि लॉगबुकात ‘क्लायंट व्हिजिट’ लिहितो. शिकाऊ मुलगी वरिष्ठांच्या मुलाचं प्रेझेंटेशन बनवते.

‘तो स्वतःहून करतो’ किंवा ‘मी त्याला चहापाण्याला देतो’ असं सांगितलं जातं. ज्याची रजा, पगारवाढ आणि पाळी तुमच्या सहीवर अवलंबून आहे, तो ‘नाही’ कसा म्हणणार? अडीअडचण वेगळी. घरी कोणी आजारी पडलं आणि ड्रायव्हरनं दवाखान्यात पोचवलं, तर त्यात माणुसकी आहे. तीच गोष्ट दर मंगळवारी व्हायला लागली की ती वेठबिगारी होते.

तुम्ही त्या दुसऱ्या बाजूला असाल तर एकदम ‘मी करणार नाही’ म्हणण्याऐवजी असं म्हणून पाहा: ‘साहेब, जातो. आउटवर्ड रजिस्टरला काय लिहू?’ किंवा ‘लॉगबुकात घरचं काम म्हणून टाकू का?’ खोटी नोंद तुमच्या अक्षरात करू नका, कारण चौकशीत अक्षर तुमचं दिसतं, हुकूम दिसत नाही. तारखा आणि कामं स्वतःच्या वहीत टिपून ठेवा.

‘कंपनी माझा मोबाइल वापरते, त्याचं काय?’

हा प्रश्न रास्त आहे. ऑफिसचा व्हॉट्सॲप ग्रुप तुमच्या फोनवर, घरून काम करताना वीज आणि इंटरनेट तुमचं, रविवारी संध्याकाळचे फोन तुमच्या वेळेतले. मग दोन रिम कागद नेला तर फिटंफाट नाही का?

नाही, कारण ही वजाबाकी फक्त तुमच्या डोक्यात झालेली असते. कंपनीच्या हिशेबात तुमच्या वायफायचा खर्च कुठेच दिसत नाही. कागदाचा रिम मात्र कमी दिसतो. शिवाय मूळ अन्याय तसाच राहतो. त्यापेक्षा सरळ मागणी करा:

- कामासाठी लागणारं सिम, हेडसेट किंवा खुर्ची मागा, किंवा इंटरनेटच्या खर्चाचा परतावा मागा.
- जादा वेळ काम होत असेल तर बदली सुट्टी किंवा ओव्हरटाइम लेखी मागा.
- घरी दिलेल्या प्रत्येक वस्तूची यादी करून मेलवर ठेवा. नोकरी सोडताना ती परत देऊन पोच घ्या. पूर्ण आणि अंतिम हिशेब अडकतो तो बऱ्याचदा एका चार्जरवर.

रक्कम लहान, तरी कारवाई मोठी का?

कायद्याबद्दल निर्णयापुरतं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलले, पण पुढची तत्त्वं जुन्या कायद्यांत होती आणि नव्यातही आहेत.

- मालकाच्या मालमत्तेची चोरी, अफरातफर किंवा अप्रामाणिकपणा हे स्थायी आदेशांत, म्हणजे आस्थापनेच्या सेवानियमांत, गैरवर्तन आहे. त्याला रकमेची खालची मर्यादा नाही.
- फौजदारी बाजू: भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०६ खाली नोकरानं मालकाच्या ताब्यातल्या वस्तूची चोरी केली तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्याच संहितेचं कलम ३३ असंही सांगतं की सामान्य समजेचा माणूस तक्रारही करणार नाही इतकी क्षुल्लक हानी हा गुन्हा ठरत नाही. चुकून खिशात गेलेल्या पेनावरून कोणी पोलिसांत जाण्याची धमकी देत असेल तर घाबरून काहीही लिहून देऊ नका.
- पैसे हाताळणाऱ्यांना कडक माप: कर्नाटकातल्या एका बस कंडक्टरकडे हिशेबापेक्षा ९३ रुपये जास्त सापडले. सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की प्रश्न रकमेचा नाही, विश्वास गमावल्याचा आहे, आणि बडतर्फी कायम ठेवली. कॅशियर, स्टोअरकीपर, डिलिव्हरी आणि कलेक्शनवाले यांनी हे उदाहरण कायम डोळ्यांपुढे ठेवावं.
- ग्रॅच्युइटी: नैतिक अधःपतनाचा गुन्हा ठरेल असं कृत्य नोकरीच्या ओघात झालं तर ग्रॅच्युइटी पूर्ण किंवा अंशतः जप्त होऊ शकते. त्यासाठी फौजदारी कोर्टात शिक्षा झालेली असण्याची गरज नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२५ मध्ये दिला. त्याच निकालात आपल्या एसटीच्या कंडक्टरांचीही प्रकरणं होती. अपहाराच्या रकमा अगदी लहान होत्या हे पाहून न्यायालयानं जप्ती ग्रॅच्युइटीच्या २५ टक्क्यांपुरतीच ठेवली.

थोडक्यात, रक्कम लहान असल्यानं शिक्षा सौम्य होऊ शकते, पण दोष पुसला जाईलच असं नाही.

नोटीस आली तर

1. जागच्या जागी कबुलीजबाब किंवा राजीनामा लिहून देऊ नका. ‘सही कर, प्रकरण मिटवतो’ असं सांगितलं तरी वेळ मागा.
2. नोटिशीची प्रत घ्या आणि दिलेल्या मुदतीत लेखी उत्तर द्या. मुदत अपुरी असेल तर वाढवून मागा, पण मुदत उलटू देऊ नका.
3. घटना जशी घडली तशीच लिहा. वस्तू घेतली असेल तर घेतली म्हणा. परवानगी कोणी, कधी, कशी दिली ते सांगा आणि जुना मेल किंवा मेसेज जोडा. छोट्या चुकीवर खोट्या खुलाशाची भर घातली की दुसरा, अधिक जड आरोप तयार होतो.
4. इतरांना पूर्वी काय शिक्षा झाली ते पाहा. तीच गोष्ट करणाऱ्या तिघांना ताकीद आणि तुम्हाला बडतर्फी, हा भेदभाव बचावाचा मुद्दा आहे. ‘सगळेच करतात’ एवढंच म्हणणं मात्र बचाव नव्हे.
5. पगारातून परस्पर कपात होऊ शकत नाही. नुकसानभरपाईपोटी कपात करण्याआधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं आणि कपात नुकसानीच्या रकमेपेक्षा जास्त असू शकत नाही. दंडाची मर्यादा त्या वेतनकाळातल्या पगाराच्या ३ टक्के आहे.
6. निलंबित कामगाराला निर्वाह भत्ता मिळतो: पहिले ९० दिवस वेतनाच्या ५० टक्के, आणि चौकशीला झालेला उशीर तुमच्यामुळे नसेल तर पुढे ७५ टक्के. हा हक्क स्थायी आदेश लागू असलेल्या आस्थापनांतल्या कामगारांचा आहे.
7. शिक्षा फारच जबर असेल तर दाद मागता येते. किरकोळ किंवा तांत्रिक चुकीसाठी, पूर्वीची नोकरी लक्षात न घेता, धक्कादायक वाटेल इतकी जबर शिक्षा म्हणून कामावरून काढणं ही अनुचित कामगार प्रथा आहे. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात हे स्पष्ट लिहिलं आहे आणि केंद्रीय कायद्यातही. महाराष्ट्राच्या कायद्याखाली तक्रारीची मुदत ९० दिवसांची आहे, म्हणून युनियन किंवा कामगार वकिलाला लगेच भेटा.

व्यवस्थापकीय पदावरच्यांना यातली बरीचशी संरक्षणं ‘कामगार’ म्हणून मिळत नाहीत. त्यांचं प्रकरण मुख्यतः नेमणूकपत्रावर आणि कंपनीच्या धोरणावर चालतं. सरकारी कर्मचाऱ्यांना वर्तणूक नियम आणि शिस्त व अपील नियम लागू होतात.

तुमच्या हाताखाली माणसं असतील तर

- एक पानाचा नियम मराठीत लिहून फलकावर लावा: किती पानं छापली तर चालतील, भंगार कसं मागायचं, गाडी कधी मिळेल.
- तो नियम स्वतःपासून लागू करा. साहेबांची गाडी घरच्या कामाला आणि शिपायाची पिशवी तपासणीला, अशा कंपनीत कोणताही नियम टिकत नाही.
- ज्याला काढायचं आहे त्याच्या जुन्या झेरॉक्स शोधत बसू नका. वर्षभर डोळेझाक केलेली गोष्ट अचानक गुन्हा ठरवलीत, तर कोर्टात तुम्हाला ते जड जाईल.
- पहिल्या चुकीला बोलून समज द्या, दुसऱ्या चुकीला लेखी. खोटी नोंद करणाऱ्याला मात्र अनवधानाच्या रांगेत बसवू नका.

परवानगी कशी मागायची

लोक विचारत नाहीत, कारण काय शब्दांत विचारावं ते सुचत नाही. दोन ओळी पुरतात:

> नमस्कार. मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी आज संध्याकाळी सहानंतर ऑफिसच्या प्रिंटरवर वीस रंगीत पानं काढायची आहेत. चालेल का? कागद मी आणतो. प्रिंटचा खर्च होत असेल तर सांगा, भरतो.

काय, किती, कधी आणि खर्च कोणाचा, हे चारही त्यात आलं. उत्तर तोंडी मिळालं तर ‘परवानगीबद्दल आभार’ असा मेसेज टाका, म्हणजे लेखी पुरावा राहतो. उत्तरच आलं नाही, तर त्याचा अर्थ ‘हो’ असा धरू नका.

आणि आजवर घरी साठलेल्या वस्तूंचं काय? कपाट उघडून एकदा बघा. पेनं, फोल्डर, स्टेपलर अशा किरकोळ वस्तू गाजावाजा न करता पिशवीतून परत नेऊन ठेवा. किमती वस्तू, म्हणजे हार्ड डिस्क, हत्यारं, मॉनिटर, या गुपचूप ठेवू नका. आत नेतानाही गेटवर नोंद होते आणि विचारलं तर पुन्हा काहीतरी सांगावं लागतं. ‘कामासाठी घरी नेला होता, परत करायचा राहिला’ हे खरं असेल तर तसं लिहून द्या. खरं नसेल तर कारण न रचता ‘माझ्याकडे होता, परत करतो आहे’ एवढंच लिहा आणि पोच मागा.